ओढ्याकाठचा चतुर

"हलू नका... तुमच्या खांद्यावर बसलाय."

ती जागच्या जागी थिजली. सुट्टीला मोठ्या बहिणीबरोबर डोंगरात आलेली ती ओढ्यात पाय सोडून बसली होती. समोरच्या खडकावरून एक तरुण मान तिरकी करून तिच्या खांद्याकडे बघत होता.

"चावतो का?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"चतुर आहे तो. उगाच कुणाच्या वाटेला जात नाही."

तो कीटकांचा अभ्यासक होता. हा काळा-पिवळा चतुर फक्त अशा गार, अरुंद ओढ्यांवरच राहतो, वर्षातले थोडेच आठवडे दिसतो, मादी ओल्या शेवाळात अंडी घालते... तो बोलत राहिला, आणि त्याने थांबूच नये असं तिला वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ओढ्यावर निघाली, तेव्हा बहीण नुसती गालात हसली.

"कालपासून चतुर जरा जास्तच झालेत," तो सहज म्हणाला. "डावीकडे सारखे काळे ठिपके उडतात. वळून बघावं तर गायब."

ती झटकन त्याच्याकडे वळली. डोळ्यांच्या दवाखान्यात रोज डोळे तपासणं हेच तिचं काम होतं. कडेला वीज चमकल्यासारखं होतं का, पडदा ओढल्यासारखं वाटतं का — ती विचारत गेली आणि त्याचं हसू मावळत गेलं. त्याने चार दिवस मागितले. मादी अंडी घालायला आता कधीही येईल, म्हणाला.

"डोळा थांबणार नाही," ती म्हणाली. "उठा. बस गाठायची आहे."

घाटातल्या प्रत्येक धक्क्याला ती त्याच्या डोळ्याकडे बघत होती. आपण त्याचा हात घट्ट धरलाय, हे तिला फार उशिरा कळलं... त्यानेही सोडवला नाही.

डाव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. तिच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी शस्त्रक्रिया केली. नजर किती परत येईल, ते मात्र सांगता येईना. पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात वायू भरलेला, म्हणून त्याने पालथंच पडून राहायचं. सुट्टी सोडून ती कामावर परतली होती; दुसऱ्या संध्याकाळी काम संपवून ती आली, तेव्हा कॉटच्या कडेवरून खाली झुकलेलं त्याचं डोकं तेवढं दिसलं.

"तुम्हीच ना? चपला ओळखल्या मी."

ती कॉटच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"नाही दिसलं तर?" त्याने जमिनीला विचारलं.

धीर द्यायला तिने तोंड उघडलं, पण खोटं बोलवेना. "मलाही भीती वाटतेय," ती म्हणाली. "दिवसभर कामात लक्षच लागलं नाही."

"एक सांगायचं होतं... तुमच्याकडे बघून. पण इथून नुसत्या चपला दिसतात."

"मग त्यांनाच सांगा."

"चपलांनो," तो हळूच म्हणाला, "मला ती आवडते. फार."

तिने चपला काढल्या. पर्स बाजूला ठेवली आणि थेट फरशीवर उताणी झोपली — त्याच्या चेहऱ्याच्या बरोबर खाली. डाव्या डोळ्यावर पट्टी होती; उजवा तिच्याकडे बघत होता, भरून आलेला.

"आता मला सांग," ती म्हणाली.