संपतचा सागवानी कर्णा

मोबाइल खिशात घाला. उजेड नको. मध्ये बोलायचं असेल त्यानं आत्ताच घरी जावं.

ही बाबुरावची गोष्ट. कसब्यात माझ्या शेजारी त्याचं स्पीकर बांधायचं दुकान होतं. माणूस खोटं बोलायचा, पण हे त्यानं मला खरं सांगितलं.

संपत त्याचा भागीदार. राहायला नारायण पेठेत. लाकडी खोकी दोघं मिळून बांधत, पण मधल्या आवाजाचा कर्णा संपतनंच करावा. ढोल खालच्या स्पीकरमधून वाजतो, झांज वरच्या. माणसाचा आवाज येतो तो या कर्ण्यातून. संपतचा कर्णा लावला की गाणारा खोलीत येऊन बसल्यासारखा वाटे. गिऱ्हाईक दारातून विचारी, "संपतराव आहेत का?" समोर बाबुराव बसलेला असे.

संपतकडे मोजायचं यंत्र नव्हतं. कर्ण्याच्या अरुंद टोकाला तोंड लावून तो बोलायचा. बाबुराव समोरच्या भिंतीशी उभा राहून ऐकायचा.

"बाबुराव, आता?"

"नाकात येतंय."

येत नव्हतं. स्वच्छ येत होतं. पण संपत मान खाली घालून पुन्हा कानस घ्यायचा. शेवटचा सागवानी कर्णा त्यानं असाच वर्षभर घासला. भुसा छातीत गेला. खोकत खोकतच गेला बिचारा.

हिंजवडीच्या कंपनीतल्या आनंद नावाच्या मुलानं त्या कर्ण्याचा स्पीकर सांगून ठेवला होता. म्हणून तेरावा झाल्यावर बाबुराव कर्णा आणायला नारायण पेठेत गेला. सत्यशीलावहिनींनी तो फडक्यात बांधून दिला.

"भावजी, झोपेतसुद्धा विचारायचे, बाबुराव काय म्हणतोय. तुमच्या कानावर फार भरवसा होता त्यांचा."

बाबुरावनं गाठोडं उचललं. आनंदला काय सांगायचं ते रस्त्यातच ठरलं होतं. ‘कर्णा मीच केला’, असं.

दोन हजार एक सालचा डिसेंबर. शुक्रवार, अमावास्या. रात्रीचे साडेबारा. लाइट गेले होते. दुकानाला आतून कडी. एक मेणबत्ती. बाबुराव पॉलिशचं फडकं शोधत भिंतीशी उभा. कर्णा बाकावर, तोंड त्याच्याकडे. आवाज काढणारा ड्रायव्हर मागे बसवलेला नाही. वायर नाही.

"आजोबा, वायर नाही तर आवाज..."

संतोष, घर माहीत आहे ना तुझं? मग गप्प बस.

आधी खोकला आला. संपतचा.

मग... काही नाही.

मग कर्ण्यातून, अगदी जवळून...

"बाबुराव, आता?"

स्वच्छ आवाज. संपत बाकावर बसलाय असा. मेणबत्ती हललीसुद्धा नाही.

"बाबुराव... आता?"

हो म्हणायचं. एवढंच. संपत सुटला असता. बाबुरावच्या ओठांवर आलंही होतं. पण मनात आलं, मेला तरी याचाच आवाज चांगला...

म्हणाला, "नाकात येतंय."

शांत.



मग बाकावर कानस सुरू झाली. खर्र... खर्र...

सकाळी मी दार ठोठावलं. बाबुराव पांढरा पडला होता. सगळं सांगितलं. मी म्हणालो, "अरे, आज रात्री हो म्हणून टाक."

"मेलेल्याचं कौतुक मी करू?"

नाही केलं. स्पीकरही दिला नाही आनंदला. नाव आपलं लावलं तरी लोक नावाजतील ते संपतचं काम, म्हणून. रोज रात्री तो विचारी, रोज हा तेच सांगे. शेवटच्या आजारातसुद्धा...

आता बाबुराव नाही, कर्णा माझ्याकडे आहे. आतल्या कपाटावर. मला तो काही विचारत नाही. फक्त रोज सकाळी खालची फरशी झाडावी लागते. सागाचा भुसा असतो.

"कीड लागली असेल, आजोबा."

असेल. पण किडीचा भुसा हाताला गरम लागत नाही.