गोगलगायीचा शेवटचा पत्रा

काम साधं होतं. सुट्टीच्या पुरवणीसाठी हमरस्त्यालगतची महाकाय शिल्पं पाहायची आणि वाचक गाडी काढतील असं काहीतरी खुसखुशीत लिहायचं. सकाळी तीन मजली किटली पाहिली. दुपारी एक बूट पाहिला, त्याच्या जिभेवरून पोरं घसरगुंडी खेळत होती. चारच्या उन्हात गोगलगायीपाशी पोचलो. चार मजली, आतून पोकळ, सगळी लोखंडी पत्र्यांची.

तिच्याबद्दल मी पूर्वीही लिहिलं होतं. सात वर्षांपूर्वी ती उभी राहत असताना एक वेल्डर नाहीसा झाला. ‘काम सोडून गेला,’ असं ती उभारणाऱ्या बांधकाम खात्याने कागदावर लिहिलं. तो आतच राहिला, असं मी छापलं. आठवड्याने माझ्याच वर्तमानपत्राने दिलगिरी छापली. ती मला विचारून छापली नव्हती आणि मला आजही मान्य नाही.

पायथ्याशी त्या वेल्डरची थोरली बहीण उभी होती. मी येणार हे तिला कळवलं होतं. तीही वेल्डरच, टेम्पोत गॅसकटर घेऊन आली होती.

“या, दिलगिरीवाले,” ती म्हणाली. “गोगलगाय अन् पोटात पाय! उद्या हिच्या पोटात काँक्रीट ओतणार आहेत. वाऱ्याने वाजते म्हणे. आज उघडली नाही, तर माझा भाऊ मला कधीच मिळायचा नाही.”

तिच्यासमोर खात्याचा इंजिनिअर उभा होता. सात वर्षांपूर्वीचाच.

“ताई, तो कुठेतरी संसार थाटून बसला असेल.”

“माझ्यावाचून? त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही.”

पोकळ कामात एक रीत असते. शेवटचा पत्रा बसवण्याआधी बाहेरच्याने तीन ठोके द्यायचे. आतून तीन आले, की समजायचं आत माणूस आहे. उद्घाटनाच्या घाईत त्या दिवशी ठोके द्यायचे राहून गेले होते. हे इंजिनिअरनेच मला सांगितलं होतं आणि दुसऱ्या दिवशी नाकारलं होतं.

ताईने हातोडी उचलली. पोटाखालच्या त्या शेवटच्या पत्र्यावर तीन ठोके दिले. रस्त्यावरची वाहनं जात राहिली. मग आतून आले. एक... दोन... तीन.

“प्रतिध्वनी आहे,” इंजिनिअर म्हणाला.

ताईने एकच ठोका दिला. आतून पुन्हा तीन आले.

“एकाचे तीन करणारा प्रतिध्वनी तुमच्याच खात्यात सापडायचा,” मी म्हणालो. “ताई, कापा.”

“परवानगी लागेल!”

“आणा जा. तोवर आम्ही कापतो.”

तिने काळी काच डोळ्यांवर ओढली. सांध्याच्या बोटभर बाहेरून ज्योत फिरली आणि पत्रा धाडकन खाली पडला. भोकातून हवा आली, शिळी, जळक्या लोखंडाच्या वासाची. मी टॉर्च मारला. हाड नाही, चप्पल नाही. काहीच नव्हतं.

“झालं समाधान?” इंजिनिअरने श्वास सोडला.

ताई पडलेल्या पत्र्यावर वाकली होती. “हा सांधा आतून कुणी भरला?”

“आतून? शेवटचा पत्रा बाहेरूनच... आतून कसा...”

आतल्या बाजूचं वेल्डिंग बारीक होतं, मासोळीच्या खवल्यांसारखं एकसारखं. ताईने त्यावरून बोट फिरवलं. “हा त्याचा हात आहे,” ती हळूच म्हणाली. “मीच शिकवलाय.”

आम्ही आत शिरलो. प्रत्येक सांधा आतून पुन्हा भरलेला होता. दुहेरी, तिहेरी, शंखाच्या पहिल्या वळणापर्यंत. एका माणसाला सात वर्षं पुरेल इतकं काम.

“मी हे आत्ता बंद करून घेतो,” बाहेरून इंजिनिअर ओरडला.

मी भोकात येऊन बसलो. “काँक्रीट आधी माझ्यावर ओता. मग बघू कोण दिलगिरी छापतं.”

सकाळी काँक्रीटच्या गाड्या आल्या. ताई आणि मी हललो नाही. दुपारी गाड्या परत गेल्या. भोक अजून उघडं आहे आणि ताई रोज तिथे जाते. माझी बातमी संपादकांनी अडवली आहे, वर खुलासा मागितला आहे. तो मी देणार नाही. मी पाहिलं ते पाहिलं.

एवढंच, की त्या संध्याकाळी आत शिरलो तेव्हा ताई माझ्यापुढे होती. कटर केव्हाच बंद करून टेम्पोत ठेवला होता. वळणापलीकडे, जिथे आमच्यापैकी कुणीच पोचलं नव्हतं, तिथल्या सांध्याला तिने वळणाआडून, न पाहता हात लावला आणि किंचाळून मागे घेतला. तळहातावर फोड उठला होता.

तो सांधा अजून लाल होता.