काळसांदीचं उत्तर

सह्याद्रीच्या सदाहरित जंगलालगतच्या प्रयोगशाळेत डॉ. नलिनी हेबळे यांनी तिसऱ्यांदा चाचणी लावली. काळसांदी या रानझाडाच्या पानांचा अर्क क्षयाचे जंतू मारेनासा झाला होता. दोन वर्षांपूर्वी याच अर्काने कुठल्याही औषधाला दाद न देणारे जंतू संपवले होते. अकरा रुग्णांना गुण येत होता. त्यांतल्या रत्नप्रभा साटम या शिक्षिका पुन्हा वर्गात उभ्या राहू लागल्या होत्या. जुना साठा जेमतेम सहा महिने पुरला असता.

झाडांच्या रोगांचे अभ्यासक डॉ. मयेकर मुद्दाम आले. अर्कातलं जंतू मारणारं रसायन झाड मुळात कशासाठी बनवतं, असं त्यांनी विचारलं. खोड कुजवणारा मातीतला एक जंतू मारण्यासाठी, असं नलिनीने सांगितलं. तो क्षयाच्या जंतूचा लांबचा भाऊबंद होता.

"मग ते औषध नव्हेच, शत्रूला दिलेलं उत्तर आहे," मयेकर म्हणाले. "झाडाची ताकद बेताची. मोठा शत्रू आला, की ते जुनं उत्तर सोडून नवं तयार करतं."

नवा शत्रू कोण, याचं नलिनीला विलक्षण कुतूहल वाटू लागलं. पानांत एक अनोळखी रसायन सापडलं होतं. अळ्यांवर, बुरशीवर, गव्याच्या पेशींवर त्याचा काहीच परिणाम होईना. शेवटी तिने ते माणसाच्या त्वचेच्या पेशींवर टाकलं. तासाभरात सगळ्या मेल्या.

दोन वर्षं पानं खुडली होती ती माणसांनीच. तुटलेल्या देठांवर राहिलेल्या घामावरून झाडाने त्यांना ओळखलं होतं.

तोडणी त्याच दिवशी थांबली. नलिनीने यंदाच्या बिया बंद खोलीत, चिमट्याने पेरल्या. या रोपांनी माणूस पाहिलेलाच नव्हता. तीन महिन्यांनी पहिली पानं तपासली, तर त्यांतही तेच विष.

"आईने पोटातच शिकवून पाठवलंय," मयेकर हळूच म्हणाले.

नलिनी वनस्पतिसंग्रहाकडे गेली. पहिली तोडणी होण्याआधी गोळा केलेल्या बियांचं एक पाकीट तिथे होतं. तशाच चिमट्याने पेरल्यावर त्यातली एकोणीस रोपं जगली. मातीतला जंतू तिने त्यांच्या मुळाशी सोडला आणि दहाव्या आठवड्यात पानांत जुनं रसायन उतरलं. अकरा जणांना ते पुरलं असतं.

मयेकरांनी कात्री पुढे केली. तिने ती घेतली नाही.

"पिकून गळतील तेवढीच पानं घेऊ," ती म्हणाली. "आपण कोण आहोत, हे यांना कळता कामा नये."