गोडं पाणी

टाकीतलं पाणी किती दिवसांनी तपासायचं म्हणता? आठवड्यातून एकदा पुरे. शोभेच्या माशांच्या दुकानातल्या भाऊंनी मला तेच सांगितलं होतं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे. हिरवट दिसलं तर झकास, गडद निळं झालं तर वाट लागली.

टाकी आमच्या ह्यांची. खारदांड्याहून मित्राच्या होडीवर समुद्रात गेले ते परतलेच नाहीत. देहही सापडला नाही. वर्ष उलटलं, तरी सासूबाई ह्यांच्या नावानं पाणी सोडू देईनात. "माझो झील जिवंत आसा," एवढंच म्हणायच्या. म्हणून मी कुंकू लावत होते, टेलिफोन ऑफिसातून घाटकोपरला परत येऊन, पाय ओढत, ह्यांचे मासे सांभाळत होते. रडले नव्हते. रडले असते तर ते गेले हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

एका रविवारी पाणी निळं झालं. टाकीतला थेंब जिभेवर घेतला, तर खारट. टाकी चार बोटं उतरलेली. सासूबाई अधूनमधून माशांचीही दृष्ट काढायच्या.

"आई, उतरलेलं मीठ टाकीत टाकलंत ना?"

"नाय गो. मीठ मी शेगडीत टाकतंय."

पाणी बदललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा निळं, पुन्हा उतरलेलं. मग मी रोजच तपासायला लागले. खाऱ्या पाण्यात हे मासे जगायचेच नाहीत, असं भाऊ म्हणाले. आमचे जगत होते. फक्त सगळे एका कोपऱ्यात दाटून, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखे.

एका संध्याकाळी दिवे गेले. खोलीत खाडीचा वास पसरला... आणि टाकीकडून आवाज आला. घट्... घट्... उन्हातून आलेला माणूस तांब्याला तोंड लावून पितो तसा.

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला.

"गोडा पाणी पिता तो... खारा ठेवता..." त्या पुटपुटल्या. "लवू माझो... तेका तान लागली हा गो. वर्षभर मीच तेका तानेलो ठेवलंय..."

भटजी नाही, दर्भ नाही. चाचपडत त्यांनी डब्यातले तीळ ओंजळीत घेतले, माझ्याकडून पाणी ओतून घेतलं आणि लेकाच्या नावानं सोडलं. "घे रे बाबा... पी."

आवाज थांबला.

दिवे आले तेव्हा मासे टाकीभर फिरत होते. नळीतलं पाणी हिरवट आलं. सासूबाईंनी पदराच्या टोकानं माझं कुंकू पुसलं, आणि मग मात्र मी रडले. वर्षभराचं सगळं रडले. गालावरून ओघळलेलं पाणी ओठांत गेलं.

अळणी होतं, तहानलेल्याला पिता येईल असं. मिठाचा कणसुद्धा नाही. आजही रडले की तसंच येतं.