लेटरहेडचं दुसरं पान

चैताली गायकवाडनं पुढे केलेला पाण्याचा ग्लास बाजूला सारला. उर्स्याहून ती तडक लोणावळ्याला आली होती. स्टेशनसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीवर खासगी तपास करणाऱ्या इंद्रायणी बेंद्रेचं ऑफिस होतं, तिथं.

"मॅडम, चार वाजता पोलीस ठाण्यात बोलावलंय. वकील म्हणतात, बहुतेक अटकच होईल."

"आधी झालं काय ते सांग."

चैताली उर्स्याच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी. नऊ जानेवारीला माल चढवायची लिफ्ट कोसळली आणि रतन नावाच्या कामगाराचा पाय गुडघ्यापासून गेला. ब्रेक झिजलाय, लिफ्ट बंद ठेवा, असं पत्र चैतालीनं पाच तारखेलाच व्यवस्थापक गंगाधर पानसे यांच्या हातात दिलं होतं. पण पानश्यांनी पोलिसांना दिलेल्या पत्रात तिच्याच सहीनिशी लिहिलेलं होतं, 'लिफ्ट वापरण्यास योग्य'. मूळ पत्र म्हणे हरवलं, उरली ती झेरॉक्स. कॉम्प्युटरवरची तिची फाइलही गायब. दहा तारखेपासून तिला कामावर येऊ देत नव्हते.

"सही तुझीच?"

"माझ्यासारखीच आहे. आता तर मलाच वाटायला लागलंय, मीच चुकून असं लिहिलं की काय." तिला रडू आवरेना.

इंद्रायणीनं झेरॉक्स निरखली. पहिल्या पानावर कंपनीचा मोठा लोगो, पत्ता, फोन. दुसऱ्यावर बारीक अक्षरात नुसतं नाव आणि खाली सही.

"ह्ये हापिसातल्या कुन्या कॉम्प्युटरवाल्याचंच काम," सुदुंबऱ्याचे भिकाजीभाऊ म्हणाले. हवालदारकीतून निवृत्त झाल्यापासून ते इंद्रायणीबरोबरच असत. "दुसऱ्या कुनाला जमायचं न्हाई."

"बघू. गाडी काढा, भाऊ."

कारखान्याच्या फाटकातून चैताली इंद्रायणीच्या मागोमाग आत गेली. आत कुणीच तिच्याकडे बघेना.

मालकीणबाई राजेश्वरी वैतागलेल्याच होत्या. "अपघातापासून नुसती पत्रं लिहितोय. विमा कंपनीला नऊ पानं पाठवायची, तर नऊच्या नऊ पानांवर तो भला थोरला लोगो. वाचायचं काय आणि बघायचं काय? सत्यमला चांगलं झापलं."

कारकून सत्यमनं आवक रजिस्टर पुढे केलं. पाच जानेवारी, चैताली गायकवाड, लिफ्टबाबत, पाने दोन.

"मॅडम रागावल्यावर काय केलंस?" इंद्रायणीनं विचारलं.

"सगळे वापरतात त्या लेटरहेडच्या फाइलमध्ये सेटिंग बदललं. पहिलं पान होतं तसंच, पुढची साधी, नुसतं बारीक नाव. बारा तारखेला. दोन मिनिटांचं काम, त्याचा गाजावाजा कशाला करायचा?"

"पानसे साहेबांची पत्रं कोण टाइप करतं?"

"मीच. साहेब तोंडी सांगतात."

इंद्रायणीनं डिसेंबरची फाइल मागून घेतली.

पानसे शांत होते. त्या शांतपणाचीच चैतालीला जास्त भीती वाटली.

इंद्रायणीनं झेरॉक्स पुढे केली. "हे पत्र तुमच्याकडे असंच आलं? दोन्ही पानं अशीच?"

"अगदी अशीच. आमचं लेटरहेड असंच असतं."

इंद्रायणीनं सगळ्यांना राजेश्वरीबाईंच्या केबिनमध्ये बसवलं आणि टेबलावर दोन पत्रं ठेवली.

"हा चैतालीचा डिसेंबरमधला अहवाल. दोन पानं, दोन्हींवर मोठा लोगो. तेव्हा लेटरहेड तसंच होतं. दुसरं पान साधं झालं ते बारा जानेवारीला, कारण अपघात झाला, लांबलचक पत्रं लिहावी लागली आणि मॅडम चिडल्या. मग अपघाताच्या चार दिवस आधीच्या पत्राचं दुसरं पान साधं कसं?"

राजेश्वरीबाईंनी दोन्ही पत्रं जवळ ओढली.

"म्हंजी पत्र मागनं बनवलं," भिकाजीभाऊ म्हणाले. "मग सत्यमच की."

"सत्यमनंच ते सेटिंग बदललं, मॅडमनी बदलायला लावलं. दोघांनाही तारीख पक्की ठाऊक. ही चूक ते करणार नाहीत. चैताली दहापासून आतच आलेली नाही. राहिला तो माणूस, ज्यानं जन्मात स्वतः पत्र टाइप केलं नव्हतं आणि हे एकच सत्यमला सांगता येण्यासारखं नव्हतं. रजिस्टरात दोन पानांची नोंद, म्हणून दोन पानं भरली. दुसरं पान साधं आलं, तेव्हा त्याला वाटलं, असंच असतं. सही जुन्या कागदावरून उचलून चिकटवली; मूळ दाखवलं तर ते कळलं असतं, म्हणून मूळ पत्र 'हरवलं'. पानसे, तुम्ही आत्ताच म्हणालात, तुमच्याकडे ते असंच आलं."

पानश्यांनी चष्मा काढला. "लिफ्ट थांबवली असती तर माल अडला असता," ते एवढंच म्हणाले.

राजेश्वरीबाईंनी पोलिसांना फोन लावला. चैताली मात्र खुर्चीत तशीच बसून राहिली.

"पोरी, सुटलीस की," भिकाजीभाऊ म्हणाले.

"भाऊ, मी पत्र देऊन मोकळी झाले. चार दिवस लिफ्ट चालू दिसत होती. जाऊन बटण बंद केलं असतं तर?"

भाऊंनी खिशातून गाडीची किल्ली काढली.

"चारला अजून वेळ आहे," इंद्रायणी म्हणाली.

"मग पोलीस ठाण्याच्या आधी मला दवाखान्यात सोडा. लिफ्ट चालू दिसत होती तरी मी थांबवली नाही, हे रतनला मीच सांगते."

गाडीत ती पुढच्या सीटवर बसली. आता तिला पोलिसांची भीती वाटत नव्हती, रतनसमोर उभं राहण्याची वाटत होती.