डोक्यावरची थाप

मास्तरीणबाईंच्या वर्गात पहिल्या दिवशी कुणाचा पाय भिजत नसे. पतंगाच्या ओढीने फळीवरून पाणी कापायला उतावीळ झालेली माणसं सकाळभर वाळूतच उभी राहत. कमरेला पट्टा, हातात दांडी, दांडीपासून लांबच लांब दोऱ्या आणि त्यांच्या टोकाला वाऱ्याने टम्म फुगलेला पतंग.

"आधी पतंगाला लगाम, मग फळीला पाय," बाई बजावत. "उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि शहाणे बुडतात तेही उथळातच."

अकरा वर्षांत त्यांच्या एकाही शिष्याच्या नखाला धक्का लागला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. सगळं श्रेय मात्र एका खुणेला देत. पतंग उतरवायचा असला की तळहाताने आपल्याच डोक्यावर थापटायचं. वाळूत पतंग झेलायला उभ्या असलेल्याने तशीच थाप मारून उत्तर द्यायचं आणि पतंगाची पुढची कड दोन्ही हातांनी धरायची. वाऱ्यात हाक ऐकू जात नाही, म्हणून ही खूण.

"आणि एकदा उत्तर दिलंत, की पतंग हाती येईपर्यंत जागचं हलायचं नाही. घराला आग लागली तरी."

या खेपेला वर्गात त्यांची धाकटी बहीण होती. निघताना आईने थोरलीला दारातच गाठलं होतं. "तू शहाणी आहेस गं, पण ती वेंधळी. नेलीस तशी आण."

चौथ्या दिवशी वेंधळी फळीवर उभी राहिली आणि चक्क झकास गेली. बाई कंबरभर पाण्यात उभ्या राहून हसत होत्या. तेवढ्यात वारा चढला. धाकटी आत ओढली जाऊ लागली, दोनशे पावलांवर ओहोटीला वाळूची जी पट्टी उघडी पडते तिच्याकडे. बाई पाणी तुडवत तिच्यामागे धावल्या. पट्टीवर चिटपाखरू नव्हतं, पण धाकटीने पट्टीकडेच तोंड करून डोक्यावर थापटलं.

पतंग संथपणे खाली आला आणि उभा राहिला.

वाऱ्यात सोडलेला पतंग लोळतो, फडफडतो. कुणी धरला असेल तरच तो असा निमूट उभा राहतो.

बाई धापा टाकत पोचल्या तोवर धाकटी दोऱ्या गुंडाळत होती.

"काय छान झेलला गं त्यांनी!"

"कुणी?"

"तुझेच ना ते? पहिल्या थापेला उत्तर दिलं. बोलले मात्र काही नाहीत."

बाईंनी वाळू पाहिली. पावलं एकट्या धाकटीची होती. बाकीची लाटेने पुसली असतील, त्यांनी स्वतःला सांगितलं. मग पतंग उचलला. पुढच्या कडेवर ओल्या वाळूचे दोन तळवे उमटले होते, अगदी त्या शिकवत तिथेच.

"नंतर ते स्वतःच डोक्यावर थापटत राहिले," धाकटी म्हणाली. "सारखे."

"मग तू?"

"मी काय करणार? तूच म्हणतेस ना, शिकाऊ माणसाने दुसऱ्याचा पतंग झेलायचा नाही. थापेला उत्तरच दिलं नाही."

बाईंना हायसं वाटलं. कशामुळे, ते त्यांना सांगता आलं नसतं.

दुपारी भरती आली. पट्टी बुडाली, वर्ग पांगला. बाई किनाऱ्यावर दोऱ्यांची गाठ सोडवत होत्या. सहज मान वर केली.

जिथे पट्टी होती तिथे पाण्यात कुणीतरी उभं होतं. डोक्यावर थापटत होतं.

अकरा वर्षांची सवय. बाईंचा हात डोक्यावर जाऊन आलाही.

"ताई, चल ना!" धाकटीने रस्त्यावरून हाक मारली. "आई वाट बघत असेल."

बाईंनी पाऊल उचललं आणि परत तिथेच ठेवलं.

"तू हो पुढे. आईला सांग, नेली तशीच पाठवली."

"आणि तू?"

"आलेच. मागे बघू नकोस."

धाकटी पुटपुटत निघाली. बाईंनी दोन्ही हात पुढे केले. झेलण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

पाण्यावरून एक सावली संथपणे वाळूकडे सरकत होती, धनुकलीसारखी वाकडी. बाईंनी वर पाहिलं. आकाश कोरं होतं.

सावली त्यांच्या पायांवर चढली, आणि तळव्यांना ओलसर, फुगीर कड लागली.