कुंकवावरचा ठोसा

राजवर्धनच्या उजव्या हाताची तीन हाडं मोडली ती सकाळी अकराला, पन्नास माणसांच्या देखत. आणि ठोसा मारणारा तो स्वतःच होता.

कोल्हापुरात मार्केट यार्डाजवळच्या जुन्या गुळाच्या गोदामात त्या दिवशी बॉक्सिंगच्या व्यायामशाळेचं उद्‌घाटन होतं. मधोमध रिंग, भोवती दोर, भिंतीला आरसे आणि लोखंडी चौकटीला टांगलेल्या आठ बॅगा. हे सगळं उभं केलं विजयसिंहांनी, आपल्या पोरासाठी. नारळ फोडायचा नाही, मधल्या बॅगेवर कुंकू लावायचं आणि त्या कुंकवावर राजवर्धननं उघड्या मुठीनं पहिला ठोसा मारायचा, ही टूमही त्यांचीच. आठवडाभर भेटेल त्याला ते हेच सांगत होते.

पोरानं जरा वाकून ठोसा हाणला. बॅग हलली नाही. पोरगं मात्र मटकन खाली बसलं. टाळ्या वाजवणाऱ्यांना आधी वाटलं, गंमत करतोय.

फौजदार तेजस्वी कांबळे पोचल्या तेव्हा राजवर्धनला दवाखान्यात नेलं होतं आणि विजयसिंहांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

"कोण हाय ते मला ठाऊक हाय. समोरच्या तालमीचा आकाराम वस्ताद. 'मातीसमोर असली थेरं करणाऱ्याचा हात मोडंल', असं चारचौघांत बोललाय. पंधरा दिवसांनी माझ्या पोराची राज्याची निवड हुती, मॅडम. सहाच्या आत म्हातारा आत पायजे."

"बघते," तेजस्वी म्हणाल्या. तेवढ्यात त्यांच्या साहेबांचा फोन आलाच. साहेबांनीही सहाच सांगितले. मोठ्या माणसांची घड्याळं एकमेकांशी बरी जुळतात.

त्यांनी बॅग उतरवून घेतली. जाड किंतानाची, पाठीमागून नाडीनं आवळलेली. आत इचलकरंजीच्या मागावरच्या चिंध्या ठासून भरलेल्या. आणि कुंकवाच्या बरोबर मागं पाच किलोचं लोखंडी वजन. गोदामाच्या कोपऱ्यात जुन्या तराजूची तसली वजनं पडलेलीच होती, कुणीही उचलावं. वजन कापडी पिशवीत घालून ती पिशवी किंतानाला आतून शिवली होती, म्हणजे घसरून खाली जायला नको. बारीक, एकसारखे टाके. बाहेरून ते दिसू नयेत म्हणून वर तळहाताएवढं कुंकू फासलेलं.

तेजस्वींनी बाकीच्या सात बॅगांवरचं कुंकू बघितलं. सगळीकडं ते त्यांच्या कपाळाच्या उंचीला होतं. मधल्या बॅगेवर खाली होतं. टेप लावून मोजलं, जमिनीपासून चार फूट दहा इंच.

व्यायामशाळेची प्रशिक्षक अनुजा कोपऱ्यात उभी होती. आजऱ्याची पोरगी, तेजस्वींच्याच उंचीची, राष्ट्रीय पदक घेतलेली. आज तिचंही नशीब त्या बॅगेत अडकलं होतं.

"कुंकू तू लावलंस?"

"सात बॅगांना मी लावलं, आज सकाळी. मधल्या बॅगेला आधीच होतं. मला वाटलं, विजयसिंहांच्या घरच्यांनी लावलं असेल."

"खाली का, असं वाटलं नाही?"

"वाटलं. आम्ही मारतो ते तोंडावर नाहीतर बरगडीवर. राजवर्धन पाच फूट अकरा आहे, त्याच्या गटातली पोरं तेवढीच. हे मधलंच काहीतरी होतं. तिथं मारायला कुणी शिकवत नाही."

"राजवर्धनचं कुणाशी वाकडं?"

अनुजानं दाराकडं बघितलं. विजयसिंह फोनवर होते.

"मी तेव्हा इथं नव्हते, ऐकलेलं सांगते. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी सराव करताना त्यानं एका लहान पोराला मारलं. घंटा वाजल्यावर. पोराचा डोळा गेला. अपघात म्हणून मिटवलं. पृथ्वीराज का असंच काहीतरी नाव होतं."

रिंग आणि चौकट बसवणारा बाळासो कागलच्या एमआयडीसीत वेल्डिंगची कामं करायचा. उंच, किडकिडीत, घामाघूम झालेला.

"बॅगा कधी टांगल्यास?"

"गुरुवारी, मॅडम. टेप लावून. एक इंच इकडं न्हाय का तिकडं न्हाय."

"त्यानंतर इथं कोण होतं?"

"मीच की. फकस्त काल शुक्रवारी दुपारी दोन तास न्हवतो. साखळीच्या कड्या कमी पडल्या, कागलला आणायला गेलतो."

"कुलूप?"

बाळासोनं मान खाली घातली. "दार नुसतं लोटून गेलतो."

"बॅगा शिवल्या कुणी?"

"मीनाबाईनं. पलीकडच्या गल्लीत ऱ्हाती, वाकळा शिवती. किंतान हितलं, चिंध्या हितल्या. बुधवारी भरून दिल्या तिनं."

तेजस्वी आधी समोर तालमीत गेल्या. आकाराम वस्ताद कट्ट्यावर बसले होते. सत्तरी ओलांडलेली, पण बसल्या जागीसुद्धा उभ्या माणसाएवढे.

"हात मोडंल असं बोललासा?"

"बोललो. माझी पोरं पळवली त्यांनी. बोलायला काय चोरी हाय?"

"हात मोडल्याचं वाईट वाटलं?"

"त्या पोराचं? न्हाय."

"काल दुपारी कुठं होता?"

"हितंच. रोज हितंच असतोय."

"मग गोदामात कोण गेलं, दिसलं असेल."

"डोळ्यावर ऊन येतंय दुपारचं. काय दिसत न्हाय."

तेजस्वींनी वर बघितलं. कट्ट्यावर लिंबाची दाट सावली होती आणि कट्टा उत्तरेला तोंड करून होता. दुपारी काय, दिवसभरातही तिथं ऊन पोचत नसेल.

"वस्ताद, सहाला तुम्हाला न्यावं लागेल."

"न्या की. म्हाताऱ्याला काय, हितं घोंगडं तितं घोंगडं." एवढं बोलून त्यांनी पायात वहाणा सरकवल्या. ज्या माणसानं काही केलेलं नाही, तो इतक्या सहज चालायला लागला की समजावं, कुणाला तरी पाठीशी घालतोय.

मीनाबाईंचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं पडवी. पडवीत शिलाई मशीन, शेजारी अर्धी झालेली वाकळ. चाळिशीतली उंच, हाडकुळी बाई. तेजस्वींना बघून उठली नाही, टाके घालत राहिली.

"मावशी, व्यायामशाळेच्या बॅगा तुम्हीच शिवल्या?"

"व्हय. बुधवारी देऊन आले. परत तिकडं फिरकले न्हाय."

"आज उद्‌घाटनाला?"

"आमाला कोण बोलावतंय."

"तिथं राजवर्धनचा ठोसा मारताना हात मोडला. कळलं का?"

"तुमी सांगताय तवा कळलं." सुई क्षणभर थांबली. "खाली वाकून मारलं की मनगट वळतंयच."

"चहा मिळेल, मावशी?"

चहा ठेवायला त्या आत गेल्या. तेजस्वी दाराच्या चौकटीपाशी उभ्या राहिल्या. चौकटीवर खिळ्यानं ओढलेल्या रेघा होत्या, घरोघरी पोरांची उंची मोजताना ओढतात तशा. खालून वर चढत गेलेल्या, प्रत्येकीपुढं साल. सगळ्यात वरची रेघ तीन वर्षांपूर्वीची. तेजस्वींनी खिशातला टेप काढला. मग चहा पिऊन, बोलता बोलता अर्ध्या वाकळेवर हात फिरवून त्या निघाल्या.

पाच वाजता त्यांनी सगळ्यांना व्यायामशाळेत बोलावलं. वस्ताद आले, मीनाबाई आल्या. विजयसिंहांनी घड्याळ बघितलं.

"मॅडम, म्हाताऱ्याला न्यायचं सोडून ही सभा कशाला?"

"म्हाताऱ्याला न्यायचं नाही म्हणून." तेजस्वी मधल्या बॅगेपाशी गेल्या. ती परत टांगलेली होती. "हे कुंकू बघा. उभ्या वस्तूला कुंकू लावताना माणूस आपल्या कपाळाच्या अंदाजानं लावतं. अनुजानं सात बॅगांना तसंच लावलं. वस्ताद सहा फुटी आहेत. त्यांनी लावलं असतं तर ते वर असतं. शिवाय त्यांची सुई धरलेली बोटं कुणी बघितली आहेत?"

"मग ह्या पोरीनं केलं असंल," विजयसिंह म्हणाले.

"बॉक्सिंग खेळलेल्या माणसानं वजन तोंडाच्या नाहीतर बरगडीच्या उंचीला ठेवलं असतं. अनुजानंच मला हे सांगितलं. तिनं केलं असतं तर ही खोट ती मला दाखवायची नाही. बाळासोचं सगळं काम टेपवर, कड्यांवर आणि वेल्डिंगवर. त्यानं ते वजन तारेनं आवळलं असतं. इथं टाके आहेत, बारीक आणि एकसारखे, वाकळेला घालतात तसले. ज्या वाकळेवर मी दुपारी हात फिरवला, तिचे आणि ह्यांचे दोरे शेजारी ठेवले की तपासणीवाल्यांना काही शोधावं लागणार नाही."

सगळ्यांच्या माना मीनाबाईंकडं वळल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"मावशी, तुम्ही म्हणालात, बुधवारनंतर इकडं आलाच नाही. बॅगा टांगल्या गुरुवारी. राजवर्धन ठोसा मारताना वाकला, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तरी तुम्ही बोललात. कुंकू खाली आहे हे लावणाऱ्याला माहीत. शेजाऱ्यानं सांगितलं, असं तुम्ही म्हणू शकला असतात, म्हणून मी तेवढ्यावर थांबले नाही. पण तुम्ही तर पाच फूट पाच. मग कुंकू एवढं खाली का? ह्या कोड्यानं मला दुपारभर छळलं."

तेजस्वींनी टेप ओढून दाखवला.

"तुमच्या चौकटीवरची शेवटची रेघ, तीन वर्षांपूर्वीची, पाच फूट दोन इंचांवर आहे. माथ्यापासून डोळ्यापर्यंत चार इंच धरा. खाली येतं चार फूट दहा. वजन तुमच्या अंदाजानं ठेवलेलं नाही, मावशी. ते तुमच्या मुलाच्या, पृथ्वीराजच्या डोळ्याच्या उंचीला ठेवलंय. काल दुपारी दोन तास दार नुसतं लोटलेलं होतं. नाडी सोडून, चिंध्या बाजूला सारून तुम्ही पिशवी शिवलीत."

विजयसिंहांच्या तोंडचं पाणी पळालं. वस्ताद पुढं आले.

"मी बघितलं हुतं तिला जाताना," ते म्हणाले. "हातात सुईदोऱ्याची पिशवी. आज बोंब उठली तवा डोक्यात परकाश पडला. त्या पोराला मी आधी तालमीत घेतलं हुतं. कुस्तीला हलकं हाय म्हणून मीच ह्या खेळाकडं धाडलं. मग कुठल्या तोंडानं तिचं नाव घेऊ?"

"तुमी जाऊ नगा आत, वस्ताद. माझं हाय ते माझं हाय," मीनाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण अख्ख्या गोदामात ऐकू येत होता. मग त्या विजयसिंहांकडं वळल्या. "वळीखलं न्हाय मला? कसं वळखाल. तीनदा आले तुमच्या दारात. तुमी गाडीची काच खाली घेतली न्हाय. तुमच्याच पोरासाठी बॅगा शिवायचं काम आलं, तवा देवानंच धाडलं म्हटलं. आट दिस त्या किंतानावर सुई चालवली, आन् पर्त्येक टाक्याला तुमच्या पोराचं नाव घेतलं."

"सरावात लागलं होतं," विजयसिंह पुटपुटले. "अपघात होता तो."

"घंटा वाजली हुती. माझ्या पोरानं हात खाली घेतलं हुतं. तुमच्या पोराचा हात सा म्हयन्यांत बरा हुईल. माझ्या पोराचा डोळा न्हाय."

"पश्चात्ताप होतोय का, मावशी?" अनुजानं हळूच विचारलं.

"न्हाय. परत मोडीन."

तेजस्वींनी खुर्ची ओढली, कागद काढले. गुन्हा गुन्हाच होता, त्यांना तो लिहायचाच होता. विजयसिंह जवळ येऊन वाकले, आवाज एकदम मऊ.

"मॅडम, ते जुनं ह्यात घालू नका. नुसतं बाईनं केलं एवढं लिवा. वेडाच्या भरात म्हणा. मी साहेबांशी बोलतो."

"हेतू लिहावा लागतो," तेजस्वी म्हणाल्या. "त्याशिवाय खटला उभा राहत नाही. आणि हेतूत घंटा येते, डोळा येतो, तुमच्या मुलाचं नाव येतं. मग ते आधीचं प्रकरण उघडायला मला वेगळ्या परवानगीची गरज उरत नाही."

साहेबांचा फोन वाजत राहिला. तेजस्वींनी उचलला नाही.

मीनाबाई आल्यापासून पहिल्यांदाच खाली बसल्या. "तीन वरसं कागद घेऊन फिरले. कुणी फिर्याद लिवून घेतली न्हाय. 'अपघात हाय, घरी जावा.' मग म्हटलं, आपुनच गुन्हा करू. तवा तर लिवून घेतील. दुपारी एकट्यात कबूल केलं असतं, तर परत मिटवलं असतं, म्हणून खोटं बोलले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मी पळून गेले न्हाय त्याचं कारण ह्येच की, बाई. लिवा."

"मुलाचं पूर्ण नाव सांगा."

त्यांनी सांगितलं. तेजस्वींनी लिहिलं. मीनाबाईंनी ते एकदा वाचून दाखवायला लावलं, मग अजून एकदा, आणि मगच अंगठा पुढं केला.